अण्णांची फरशी आणि दीड बाटली थंडा

माहेर लातूर, सासर नांदेड. लातूरला पाणी नसायचं म्हणून चिडचिड व्हायची, आणि नांदेडला आल्यावर पाणी आहे म्हणून व्हायला लागली. आमच्या कॉलनीतलं बोअरचं पाणी असलं जड आहे की तांब्या दोन दिवस घासला नाही तर आतून पांढरा. नळाच्या तोंडाशी खडे, बाथरूमच्या टाइल्सवर पुटं, बादलीच्या काठाला खरबरीत कड. मी घासायचे आणि बडबडायचे. आमचे हे म्हणायचे, "तुझं बोलणं ऐकून तरी त्या क्षारानं पळून जायला पाहिजे होतं." मी म्हणायचे, "तुम्ही गेलात का पळून? मग तो कसा जाईल?"

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं त्यामुळंच झालं.

एकदा फोनवर व्हिडिओ बघत होते. त्यात एका बाईनं संडासात काळा थंडा, म्हणजे बाटलीतलं कोल्ड्रिंक, ओतला, अर्धा तास थांबली, पाणी सोडलं आणि भांडं लख्ख. मी म्हटलं, काहीतरीच! लोक काय वाट्टेल ते दाखवतात. पण फ्रीजच्या दारात दोन दिवसांपासून अर्धी बाटली उभी होती. आमच्याकडं उन्हाळ्यात पाहुण्याला नुसता चहा विचारला तर पाहुणा तोंडावर काही बोलत नाही, घरी जाऊन बोलतो. म्हणून थंडा आणायचा, आणि आणायची ती मोठीच बाटली, कारण छोटी आणली तर आपण चिक्कू. तीन पाहुणे एकेक ग्लास घेतात, त्यातला एक "मला शुगर आहे" म्हणून अर्ध्यावर थांबतो. उरलेलं दुसऱ्या दिवशी गॅस जाऊन गुळचट होतं. पिववत नाही आणि टाकवतही नाही.

ती अर्धी बाटली मी संडासात ओतली. आणि काय सांगू, खरंच निघालं! पंधरा वर्षांची पिवळी रेघ ब्रश लावला तशी सुटली. मी बाथरूममधून ओरडले, तर हे पेपर टाकून पळत आले. त्यांना वाटलं मी पडले.

मग मला कुणी आवरेना. थंड्यात फडकं भिजवून नळाला गुंडाळून ठेवलं, नळ चमकला. करपलेल्या दुधाच्या पातेल्यात ओतून उकळलं, खरवड आपोआप वर आली. कूलरच्या पंपात क्षार बसून तो दर उन्हाळ्यात रडायचा, त्याला थंड्यात बुडवून ठेवला तर सुरू झाला. कूलरच्या स्टँडचे गंजलेले नट कुणालाच हलत नव्हते, ते मी स्वतः फिरवले. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि जाताना रिकाम्या बाटलीत थोडा थंडा मागून घेऊन गेल्या. आठ दिवसांत गल्लीतल्या चार घरांत हेच सुरू झालं. मला वाटेत थांबवून बायका विचारायच्या, "वहिनी, मिक्सरच्या भांड्याला चालेल का?" मी अगदी डॉक्टरांसारखं, किती वेळ ठेवायचं, किती पाणी घालायचं, ते सांगायचे. आयुष्यात कुणी माझा सल्ला घेतला नव्हता. मला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

आता फरशीचं सांगते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, लातूरला फरशी बसवायचं काम करायचे. चाळीस वर्षं तेच केलं. शहाबादी त्यांच्या हातातली. मार्बल आलं, टाइल्स आल्या, ग्रॅनाइट आलं, पण अण्णा म्हणायचे, "आपल्या उन्हाला ही बरी. पायाला गार लागती." आम्ही नांदेडला घर बांधलं तेव्हा अण्णा स्वतः खाणीवर गेले, एकेक लादी बोटानं वाजवून निवडली आणि गाडी भरून आणली. त्यातली थोडी आमच्याकडं उतरवली आणि उरलेली उदगीरच्या एका गुरुजींकडं. त्यांचंही घर त्याच वेळी चाललेलं होतं. आमच्या घरात अण्णांनी दीड महिना मुक्काम केला. मजुरीचा विषय यांनी काढला तर अण्णा दोन दिवस यांच्याशी बोलले नाहीत. माझा स्वभाव कुठून आला, ते त्यावरून कळेल.

वीस वर्षांत रोज पुसून पुसून ती फरशी अशी झाली आहे की दुपारी मी उशीसुद्धा घेत नाही, तशीच आडवी होते. तिला कुणी ओरखडा काढलेला मला चालत नाही. गेल्या वर्षी यांनी कपाट ओढताना एक बारीक रेघ पाडली, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. "अण्णांनी गुडघे झिजवले आहेत हिच्यासाठी!" असं आणि बरंच काही बोलले होते. दोन दिवस यांना भाजी अळणी मिळाली.

तर, अण्णांना मोतीबिंदू झाला. दोन्ही डोळ्यांत. लातूरला भाऊ असतो, पण त्याची नोकरी फिरतीची. म्हणून ठरलं की ऑपरेशन नांदेडलाच करायचं, माझ्याकडं राहायचं, मीच डोळ्यांत थेंब घालायचे. मला इतका आनंद झाला! अण्णा माझ्याकडं सलग आठ दिवस असे कधी राहिलेच नव्हते, फरशी बसवली तेव्हाचा दीड महिना सोडला तर. मी मनात ठरवून टाकलं की नव्या डोळ्यांनी अण्णांना आपली फरशी लख्ख दिसली पाहिजे.

आणि तिथंच मी माती खाल्ली.

स्वयंपाकघराच्या दाराशी आमचा माठ असतो. माठ पाझरतो, पाणी खाली उतरतं, सुकतं. इतक्या वर्षांत त्या जागी ताटाएवढं पांढरं कडं तयार झालेलं. साबणानं निघत नव्हतं. अण्णा यायच्या तीन दिवस आधी, दुपारी, मी माठ बाजूला घेतला आणि त्या कड्यावर अर्धी बाटली थंडा ओतला. बारीक बारीक फेस आला. मी खूश. म्हटलं, लागलं कामाला. अर्ध्या तासानं बघितलं तर डाग होताच. मग मला राग आला. डागावर राग येणारी बाई मीच असेन. फ्रीजमधली नवी बाटली फोडली, सगळी ओतली, चारही बाजूंनी फडक्याची पाळ केली आणि जरा आडवी झाले. जरा म्हणजे साडेतीन तास झोपले.

उठून पुसलं. डाग गेला होता. डागाच्या जागी फरशीही गेली होती. म्हणजे भोक नव्हतं पडलं, पण जिथं थंडा थांबला तेवढी जागा फिकी, कोरडी, बिस्किटासारखी खरबरीत. आजूबाजूला अण्णांची काळसर निळी, गुळगुळीत फरशी आणि मध्ये हे असलं. मी तेल लावलं. तेल सुकलं की पुन्हा तसंच. मेण लावलं. छे!

हे संध्याकाळी आले, बघितलं, हातपाय धुवायला गेले. फक्त जेवताना म्हणाले, "भाजीत मीठ आहे आज. मला वाटलं, नियम सगळ्यांना सारखा असेल."

"एक शब्द बोलू नका," मी म्हटलं. "आणि अण्णांना तर अजिबात सांगायचं नाही. त्यांना दिसतच नाही सध्या. ऑपरेशन होऊन घरी गेले की बघू." तिथं मी जाड पायपुसणं टाकलं.

अण्णा एसटीनं आले. दारात यांना बघून म्हणाले, "कोण, शेजारचे का?" इतकं कमी दिसत होतं. मला धीर आला. चहा झाला, गप्पा झाल्या, आणि पाणी प्यायला म्हणून अण्णा तांब्या घेऊन स्वतः उठले. "बसा, मी देते" म्हणेपर्यंत निघालेही. अण्णांना फरशीवर काही अंथरलेलं आवडत नाही, हे मी साफ विसरले होते. पायाला पायपुसणं लागलं तसं त्यांनी ते अंगठ्यानं बाजूला सारलं आणि पुढं पाऊल टाकलं. आणि थांबले.

तांब्या हातात तसाच. उजव्या पायाचा तळवा त्यांनी त्या जागेवर हळूहळू फिरवला, मग बाजूच्या लादीवर, मग पुन्हा तिथं. काम चालू असताना ते असंच करायचे, लहानपणी मी शंभरदा बघितलेलं. डोळ्यांना फसवता येतं, असं ते मजुरांना सांगायचे, तळव्याला न्हाई.

"बाई, हितं काय झालंय गं?"

"कुठं?"

"हितं. खरबरीत लागतंय, दगड उठलाय."

मी सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं फक्त. पण हे समोर बसले होते, कपाटाच्या रेघेवरून मी काय काय बोलले होते ते सगळं यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "माठाच्या पाण्यानं झालं असेल, अण्णा."

"पाण्यानं?" अण्णा म्हणाले. "पाण्यानं चांगला दगड उठत न्हाई."

एवढंच बोलून ते येऊन बसले. पाणी प्यायलेच नाहीत.

त्यानंतर अण्णा बदलले. जेवायला बसले की दोन घास खाऊन हात धुवायचे. मी विचारलं तर "भूक न्हाई". दुपारी बघावं तर माठापाशी भिंतीला टेकून बसलेले, हात त्या जागेवर. बोटाच्या पेरानं लादी वाजवायचे, कान देऊन ऐकायचे, मान हलवायचे. एकदा स्वतःशीच म्हणाले, "वाजवून घेतला व्हता की. मग कसा काय निघाला कच्चा?"

तरी मी गप्प. का गप्प होते ते आज मला सांगता येत नाही. रोज वाटायचं, आता सांगू, आणि रोज ते अवघड होत जायचं.

एके दिवशी मला म्हणाले, "उदगीरच्या गुरुजींचा नंबर लावून दे." मी लावून दिला. मला वाटलं, जुनी ओळख, बोलत असतील. अण्णा फोनवर मोठ्यानं बोलतात, सगळं घर ऐकतं.

"गुरुजी, नमस्कार. न्हाई न्हाई, तब्येत बरी हाय. एक इचारायचं व्हतं. तुमच्या घरातली फरशी कुठं उठलीय का? पाणी सांडतं तिथं? बघा जरा. न्हाई, पोरीच्या घरात उठलीय. एकाच गाडीतला माल हाय, म्हणून म्हटलं. तुमच्याकडं बी तसं झालं आसंल तर सांगा. मी बदलून देतो. आता हातानं जमायचं न्हाई, पण मानूस लावून देतो. माझी जबाबदारी हाय ती."

सत्तर उलटलेला माणूस, डोळ्यांनी दिसत नाही, आणि वीस वर्षांपूर्वीची फरशी बदलून देतो म्हणतो! मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. हे आत आले. या वेळी टोमणा मारला नाही. हळूच म्हणाले, "सांगतेस का मी सांगू?"

"मी सांगते," म्हटलं, आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

बुधवारी ऑपरेशनआधीची तपासणी. रक्तदाब बघितला तर वर. पुन्हा बघितला, पुन्हा वर. अण्णांना आयुष्यात कधी बीपीचा त्रास नाही. डॉक्टर चांगले होते, म्हणाले, "आजोबा, घाबरलात का ऑपरेशनला?" अण्णा म्हणाले, "न्हाई हो, सुईला काय भ्यायचं." डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली, शुक्रवारची तारीख दिली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "घरात काही टेन्शन आहे का? असंच राहिलं तर पुढं ढकलावं लागेल." मी म्हटलं, "नाही हो, टेन्शन कसलं?" हे ऑटो बघायला म्हणून बाहेर निघून गेले. माझ्याकडं बघवेना त्यांना.

ऑटोत अण्णा माझ्या शेजारी बसले होते. रस्त्यावर एवढी वर्दळ, भोंगे, आणि ते मध्येच म्हणाले, "लोकाच्या घरात एक वेळ चालतं. लेकीच्या घरात कच्चा दगड बसवला बघ मी."

घरी आले, चपला काढल्या, आणि अण्णा पुन्हा त्या कोपऱ्याकडं निघाले. तेव्हा मात्र माझा तोल गेला. मला रडू आलं की मी चिडते, तसं झालं. जवळजवळ ओरडलेच मी, "अण्णा, त्या दगडाला काही म्हणू नका! दगडाचा काही दोष नाही. मी ओतलं त्याच्यावर!"

"काय वतलं?"

"थंडा."

"कसला थंडा?"

"पितो तो. काळा. बाटलीतला."

अण्णा माझ्या आवाजाच्या दिशेनं वळले. मग खाली बसले. मला वाटलं, आता बोलतील, लहानपणी बोलायचे तसे. त्यांनी अगदी कामावर विचारतात तसं विचारलं, "किती वतला?"

"दीड बाटली. मोठी."

"किती येळ ठिवला?"

"तीन-साडेतीन तास. झोपले मी."

"फेस आल्ता?"

"आला होता."

"बारीक? का मोठा?"

"बारीक. सूं असा आवाज येत होता."

"हाव!" अण्णा म्हणाले. त्यांनी त्या जागेवर तळहात ठेवला आणि तोच मांडीवर जोरात मारला. "हाव! तर मग! आगं माय, त्ये आंबट असतंय. चुन्याला खातंय. डाग बी चुन्याचा आन् दगड बी चुन्याचा, त्याला काय कळतंय कुठं थांबायचं! म्हणजे दगड चांगला हाय!"

"चांगलाच आहे, अण्णा. मी खोटं बोलले तुमच्याशी."

"दगड चांगला हाय," ते पुन्हा म्हणाले. मला माफ केलं की नाही, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. ते हसत होते. पाच दिवसांत पहिल्यांदा. मग यांना हाक मारली, "जावई! ऐकलं का? हिनं माझ्या फरशीला थंडा पाजला!"

"ऐकलं, मामा," हे म्हणाले. "मला आठ दिवसांपासून माहीत होतं. जिवाच्या भीतीनं बोललो नाही."

"तुम्हाला जेवायचं आहे ना आज?" मी म्हटलं, पण डोळ्यांतून पाणी वाहतच होतं.

अण्णा तिथल्या तिथं औषध सांगायला लागले. घासायचा दगड आणायचा, आधी जाड, मग बारीक, पाणी टाकत टाकत गोल फिरवायचा, दोन दिवसांचं काम. ऑपरेशननंतर त्यांना वाकायला मनाई होती, म्हणून घासायचं मी आणि खुर्चीवर बसून सांगायचं त्यांनी, असं ठरलं. "चांगली घामाघूम झाली पायजे," ते म्हणाले. मी म्हटलं, "दोन काय, चार दिवस घासते." तेव्हाच मला भूक लागल्याचं जाणवलं. आम्ही तिघांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

मी ताटं घ्यायला उठले तर अण्णा म्हणाले, "आधी गुरुजींना फोन लाव."

"जेवून लावू की."

"न्हाई. तिकडं त्ये बिचारे फरशी तपासत बसले आसतील."

लावला. स्पीकरवरच ठेवला, कारण अण्णांना बटण दिसत नाही. पलीकडून गुरुजींचा आवाज आला. अण्णांनी नमस्कारसुद्धा केला नाही.

"गुरुजी, दगड चांगला हाय! तुमचा बी, हिचा बी. माझ्या पोरीनं थंडा वतला व्हता त्याच्यावर. हो, प्यायचा थंडा. डाग काढायला. आता कबूल झाली."

गुरुजी पलीकडं इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले, आमच्याकडं फरशी जशी होती तशीच आहे, पण सूनबाई बाथरूमला हेच ओतते, तिला आज सांगतो. माझी कीर्ती उदगीरपर्यंत गेली, असं मी मनात म्हटलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मी पोळ्या गरम करायला आत वळले.

मागून अण्णांचा आवाज आला. या वेळी हळू. फोनवर हळू बोललेले अण्णा मी कधी ऐकले नव्हते.

"तुम्हाला म्हणून सांगतो गुरुजी. आज दवाखान्यात मी मनात ठरवलं व्हतं, आपरेशन नगंच म्हणून. म्हटलं, कशाला डोळे नीट करून घ्यायचे? आपलंच बिघडलेलं काम बघायला? दिसत न्हाई त्येच बरं हाय. पोरीला बोललो न्हाई. तिनं लई हौसेनं बोलीवलंय."

पोळी तव्यावर करपत होती आणि मी तशीच उभी.

"आता करतो," अण्णा म्हणाले. मग मला हाक मारली, "बाई, शुक्रवार म्हणले ना डॉक्टर?"

"हाव, अण्णा," एवढंच मी म्हणाले. मग करपलेली पोळी उतरवून स्वतःच्या ताटात घेतली आणि दुसरी तव्यावर टाकली.